उणीव सापडली, तर सांगायची कोणाला आणि केव्हा?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज ज्यांनी बक्षिसे मिळविली त्या सर्व मुलामुलींचे प्रथम मनःपूर्वक अभिनंदन. संगणकयुगाविषयी मी चार शब्द सांगावेत, असे मला सुचविण्यात आले होते. परंतु त्या विषयावरची भाषणे आपण पुष्कळ ऐकली आहेत, आणि त्यांतून टाळ्यांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. म्हणून मी एक लहानसा, पण अडचणीचा प्रश्न घेतला आहे. एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये अशी उणीव सापडली की जिच्यातून चोराला आत शिरता येईल, तर ज्याला ती सापडली त्याने ती जगाला केव्हा सांगावी? लगेच? दुरुस्ती झाल्यावर? की कधीच सांगू नये?

हा तज्ज्ञांचा वाद आहे, त्याच्याशी आपला काय संबंध, असे कृपा करून म्हणू नका. तुमच्या मुलाचा दहावीचा निकाल संगणकावर लागतो, शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावर भरावा लागतो, हजचा अर्जही तसाच. आणि बँकेचे खाते तर आता खिशातल्या मोबाइलमध्ये आले आहे. या सर्वांना कुलपे आहेत. कुलपे माणसांनी केलेली आहेत, आणि माणसाच्या हातून चूक राहते.

समजा, शेजारच्या दाराचे कुलूप नुसत्या हिसड्याने उघडते असे तुमच्या ध्यानात आले. तुम्ही शेजाऱ्याला सांगाल आणि प्रश्न तेथेच मिटेल. पण तेच कुलूप त्याच कारखान्यातून निघून एक लाख दारांवर लागले असेल तर? कारखानदाराला सांगावे, तर तो ‘बघतो’ म्हणून पत्र फायलीत घालील. बाजारात दवंडी पिटावी, तर घरमालकांबरोबर चोरही ऐकतील. गप्प बसावे, तर ज्या चोराने ही युक्ती तुमच्याआधीच शोधली असेल त्याचे फावेल. एवढ्यात सगळा वाद आला.

आणि हा वाद संगणकाहून जुना आहे. लंडनमध्ये पिकॅडिली रस्त्यावर ब्रामा नावाच्या कुलूपवाल्यांचे दुकान होते. त्यांनी १७९० पासून खिडकीत एक कुलूप मांडून ठेवले होते, आणि जो ते किल्लीवाचून उघडील त्याला २०० गिनी देऊ असे शेजारी लिहून ठेवले होते. साठ वर्षे कोणाला ते जमले नाही. १८५१ साली लंडनला मोठे जागतिक प्रदर्शन भरले, त्या निमित्ताने आल्फ्रेड हॉब्स नावाचा अमेरिकन कुलूपवाला तेथे आला. त्याने प्रथम चब कंपनीचे नावाजलेले कुलूप पंचांसमोर काही मिनिटांत उघडून दाखविले, आणि मग ब्रामांच्या कुलपाला हात घातला. सोळा दिवसांत मिळून ५१ तास तो झटला, आणि कुलूप उघडले. दुकानाने कुरकुर केली, पण २०० गिनी द्यावे लागले.

गावभर हाकाटी झाली. कुलूप कसे फोडतात हे उघडपणे दाखवून या माणसाने चोरांना धडे दिले, असे लोक म्हणू लागले. यावर त्या काळच्या कुलूपशास्त्रावरील पुस्तकात जे उत्तर दिले गेले, त्याचा आशय असा, की चोर आपल्या धंद्यात तुमच्या-आमच्यापेक्षा हुशार असतात. तुम्ही त्यांना काय शिकविणार? कुलपातील दोष माहीत नसतो तो फक्त ते कुलूप विकत घेणाऱ्या भल्या माणसाला. मला हे उत्तर आजही बिनतोड वाटते. मात्र त्यात एक गोष्ट राहून गेली आहे. हॉब्सला एक कुलूप उघडायला ५१ तास लागले. संगणकाच्या कुलपाची किल्ली एकाने एकदा बनविली, की तिच्या लाखो प्रती क्षणात निघतात आणि ती चालवायला कारागिरी लागत नाही. म्हणून हॉब्सचे म्हणणे जसेच्या तसे उचलून आजच्या काळाला लावता येत नाही.

संगणकाच्या जगात या प्रश्नाला तोंड फुटले ते १९८८ साली. २ नोव्हेंबरला रॉबर्ट मॉरिस या २२ वर्षांच्या अमेरिकन विद्यार्थ्याने सोडलेला एक प्रोग्राम एका यंत्रातून दुसऱ्यात आपोआप पसरत गेला आणि सुमारे ६,००० यंत्रे त्याने जेरीस आणली, असा त्या वेळचा अंदाज होता. तेव्हा सारे इंटरनेटच सुमारे ६०,००० यंत्रांचे होते. (या मॉरिसला शिक्षा झाली, आणि पुढे तो एम.आय.टी.त प्राध्यापकही झाला. विद्यार्थ्यांनी यातला दुसरा भाग तेवढा लक्षात ठेवू नये.) त्याच महिन्यात पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘सर्ट’ नावाचे केंद्र उघडले. उणीव सापडेल त्याने या केंद्राला कळवावे, केंद्राने कंपनीला कळवावे आणि दुरुस्ती तयार झाल्यावर सर्वांना जाहीर सूचना द्यावी, अशी पद्धत बसली.

पद्धत सभ्य होती. पण तिला तारीख नव्हती. कळविलेल्या उणिवा महिनोन् महिने पडून राहत. कंपनीच्या दृष्टीने जे कोणाला माहीत नाही ते अस्तित्वातच नाही! शेवटी चिडलेल्या जाणकारांनी उणिवा तपशिलासह सरळ जगजाहीर करायला सुरुवात केली, आणि गंमत अशी की जी दुरुस्ती वर्षभर होत नव्हती ती आठवड्यात होऊ लागली. कंपन्यांनी याला बेजबाबदारपणा म्हटले, जाणकारांनी कंपन्यांना झोपाळू म्हटले. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. ऑक्टोबर २००० मध्ये सर्ट केंद्रानेच जाहीर केले, की कळविल्यापासून साधारण ४५ दिवसांनी आम्ही उणीव प्रसिद्ध करू, दुरुस्ती झालेली असो वा नसो. एवढ्या एका वाक्याने बराच फरक पडला. वाट पाहण्याला मुदत मिळाली.

आता दुसरी बाजू. डेव्हिड लिचफील्ड या इंग्रज संशोधकाला मायक्रोसॉफ्टच्या माहिती साठविणाऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये मोठी उणीव सापडली. त्याने रीतीप्रमाणे कंपनीला कळविले, कंपनीने जुलै २००२ मध्ये दुरुस्ती दिली, आणि मग त्याने तज्ज्ञांच्या परिषदेत तिचे प्रात्यक्षिक दाखवून नमुन्याचा प्रोग्रामही प्रसिद्ध केला. २५ जानेवारी २००३ रोजी त्याच उणिवेतून ‘स्लॅमर’ नावाचा किडा सुटला. दहा मिनिटांत जगातली बहुतेक सर्व उघडी यंत्रे त्याने गाठली. ती किमान ७५,००० तरी होती. बँक ऑफ अमेरिकेच्या हजारो पैसे काढण्याच्या यंत्रांतून लोकांना पैसे मिळेनात. किड्यातील काही भाग आपल्याच नमुन्यावरून घेतलेला दिसतो, हे लिचफील्डने स्वतः जाहीरपणे सांगितले, आणि असा नमुना प्रसिद्ध करावा की नाही याचा आपण फेरविचार करीत आहोत असेही सांगितले.

या प्रकरणावर लोक दोन तट करून भांडतात. मला दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्याशा वाटतात. ‘या कुलपात दोष आहे, ते असे बदला’ हे सांगणे निराळे, आणि तयार किल्ली कापून चव्हाट्यावर टांगणे निराळे. पहिले करायलाच हवे. दुसऱ्याला थोडा धीर धरला तर काही बिघडत नाही. परंतु याहून मोठी गोष्ट म्हणजे ते सहा महिने. दुरुस्ती फुकट उपलब्ध होती. हजारो ठिकाणी ती कोणी लावलीच नव्हती! हा दोष ना सांगणाऱ्याचा, ना कंपनीचा.

धीर किती धरावा आणि तो किती टिकतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण २००८ सालचे आहे. ते जरा सविस्तर सांगतो. डॅन कामिन्स्की नावाचा एक अमेरिकन संशोधक होता. (२०२१ मध्ये अवघ्या ४२ व्या वर्षी तो वारला.) त्याला जी उणीव सापडली ती कोणा एका कंपनीच्या मालात नव्हती, इंटरनेटच्या पत्त्यांच्या व्यवस्थेतच होती. आपण बँकेचे नाव टाइप करतो, तेव्हा संगणक एका मोठ्या डिरेक्टरीला विचारतो की या नावाचा नंबर काय. प्रत्येक प्रश्नावर एक खुणेचा आकडा असतो, आणि तोच आकडा असलेले पहिले उत्तर खरे मानले जाते. आकडे एकंदर ६५,५३६. खऱ्या उत्तराच्या आधी कोणी लबाडाने अंदाजाने तोच आकडा घालून खोटे उत्तर पाठविले तर? पूर्वी समजूत अशी होती की एकदा नेम चुकला की पुन्हा संधी मिळायला लबाडाला बराच काळ थांबावे लागते. कामिन्स्कीने दाखविले की थांबावे लागतच नाही. त्याच बँकेच्या पत्त्यातली नसलेली, मनाची नावे एकामागून एक विचारीत राहायचे, म्हणजे दर खेपेला नवा नेम. काही सेकंदांत तो लागतो. मग तुम्ही बँकेचे नाव टाइप कराल आणि पोहोचाल चोराच्या दुकानात; पाटी मात्र बँकेचीच.

हे त्याने विकले असते तर पिढ्यान् पिढ्या पुरेल एवढा पैसा त्याला मिळाला असता, असे मानायला हरकत नाही. त्याने काय केले? या व्यवस्थेतील जाणत्या माणसांना गुपचूप फोन केले. ३१ मार्च २००८ रोजी रेडमंड येथे मायक्रोसॉफ्टच्या आवारात जगभरातून सोळाजण जमले. त्यांत एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी होते. सर्वांनी एकच दिवस ठरविला, आणि ८ जुलै २००८ रोजी अनेक कंपन्यांनी एकदम दुरुस्ती बाहेर काढली. दुरुस्तीही अशी खुबीची की तिच्यावरून मूळ दोष चटकन ओळखता येऊ नये. तपशील आपण ऑगस्टच्या परिषदेत सांगू, तोवर एक महिना कोणी जाहीर तर्क लढवू नका, एवढी विनंती कामिन्स्कीने केली.

तेरा दिवस. एवढेच टिकले. २१ जुलैला एका हुशार जर्मन संशोधकाने नुसत्या तर्काने ते बरेचसे ओळखून लिहिले, आणि ज्यांना आधी विश्वासात घेतले होते अशा एका कंपनीच्या हातून खुलाशाचा मजकूर बाहेर पडला. दोन-तीन दिवसांत हल्ल्याचे तयार प्रोग्राम फिरू लागले.

काहीजण म्हणतात, मग गुप्ततेचा उपयोग काय झाला? अहो, तेरा दिवसांचा झाला! त्याआधीच्या तीन-साडेतीन महिन्यांचा झाला. तेवढ्यात मोठमोठ्या इंटरनेट कंपन्यांनी दुरुस्ती लावून घेतली. गुपित हे बर्फासारखे असते. वितळणार हे धरूनच त्याचा उपयोग करायचा असतो.

पुढे २०१४ मध्ये गूगलने ‘प्रोजेक्ट झीरो’ नावाचे पथक काढले आणि ९० दिवसांची मुदत कडकपणे पाळायला सुरुवात केली. जानेवारी २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती १३ तारखेला यायची होती; गूगलने मुदत संपली म्हणून ११ तारखेलाच उणीव जाहीर केली. दोन दिवसांसाठी! मायक्रोसॉफ्टने जाहीर नाराजी व्यक्त केली, आणि माझ्या मते या खेपेला ती रास्त होती. पुढच्याच महिन्यात गूगलने १४ दिवसांची सवलत नियमात घातली, आणि २०२१ पासून, मुदतीत दुरुस्ती झाली तर लोकांना ती लावून घ्यायला आणखी ३० दिवस देऊन मग तपशील सांगायचा, असे ठरविले. नियम कडक हवा, पण तो करणाऱ्याला शिकता आले पाहिजे.

आतापर्यंत मी कळविणाऱ्यांविषयीच बोललो. काहीजण मात्र उणीव सापडली की कोणालाच कळवीत नाहीत, आणि त्यांत सरकारेही आहेत. विंडोजमधील एक उणीव अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा यंत्रणेने हेरगिरीसाठी आपल्याजवळ जपून ठेवली होती. तिचे हत्यार चोरीला गेले. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला दुरुस्ती दिली, १४ एप्रिलला चोरांनी ते हत्यार जगापुढे टाकले, आणि १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’चा हल्ला झाला. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेच्या २३६ पैकी ८१ रुग्णालय-संस्थांना त्याची झळ पोहोचली. रुग्णांच्या किमान ६,९१२ भेटी रद्द झाल्या. २७ जूनला त्याच उणिवेचा, इतर युक्त्यांच्या जोडीने, वापर करणारा ‘नॉटपेट्या’ युक्रेनमधून सुटला आणि मर्स्क या जहाजकंपनीची यंत्रे त्याने बंद पाडली. त्याचा फटका कोठे बसला? आपल्या रायगड जिल्ह्यात, न्हावा-शेवा बंदरात. मर्स्क समूहाकडे असलेल्या तेथील धक्क्याचे संगणक बंद झाले. ज्यांचे भाऊ, मुलगे बंदरात किंवा जहाजावर नोकरी करतात अशी कितीतरी घरे आपल्या समाजात आहेत. त्यांना बंदर अडले म्हणजे काय होते हे मी सांगायला नको. आणि पाहा, या खेपेलाही दुरुस्ती तीन महिने आधी आलेली होती.

आता विद्यार्थ्यांसाठी एका तरुणाची हकीकत सांगतो. खलील श्रेतेह हा पॅलेस्टाइनमधील यत्ता गावचा बेकार पदवीधर. २०१३ मध्ये त्याला दिसून आले की फेसबुकवर आपण ज्याचे मित्र नाही त्याच्याही पानावर आपल्याला मजकूर टाकता येतो. फेसबुक अशा उणिवा कळविणाऱ्याला किमान ५०० डॉलर देत असे. त्याने कळविले. उत्तर आले, ही उणीव नव्हे. तेव्हा त्याने थेट फेसबुकचे संस्थापक मार्क झुकरबर्ग यांच्याच पानावर मजकूर टाकून दाखविला! काही मिनिटांत कंपनीच्या इंजिनिअरचा निरोप आला आणि उणीव बुजविली गेली. पण बक्षीस नाकारले. कारण नियमाप्रमाणे खऱ्या माणसांच्या खात्यावर प्रयोग करायचा नसतो. आपण त्याला अधिक तपशील विचारायला हवा होता, हे मात्र कंपनीच्या माणसाने कबूल केले. मग जगभरच्या संगणकतज्ज्ञांनी वर्गणी काढून दहा हजार डॉलरहून अधिक रक्कम त्याच्यासाठी जमविली.

यात कंपनीचा नियम योग्य होता, आणि खलीलचा संतापही समजण्यासारखा होता. पण पहिले पत्रच नीट लिहिले गेले असते आणि नीट वाचले गेले असते तर हे घडलेच नसते. त्याचे इंग्रजी तोडकेमोडके होते. उर्दू किंवा मराठी माध्यमातून शिकलेल्या आपल्या मुलामुलींनी हे ध्यानात घ्यावे. फक्कड इंग्रजी लागत नाही. मी हे केले, मग ते केले, असे व्हायला हवे होते, प्रत्यक्षात असे झाले. आणि सोबत पडद्याचे चित्र. आपल्या प्रयोगशाळेच्या वहीत जसे लिहितो, अगदी तसे.

पालकांना एक भीती असेल, आणि ती खरी आहे. आपल्याकडील माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या ४३ व्या कलमानुसार मालकाच्या परवानगीवाचून त्याच्या संगणकात शिरणे चुकीचेच आहे, आणि ते अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केले तर ६६ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हेतू चांगला होता हे मागाहून सिद्ध करीत बसण्यापेक्षा आधीच सांभाळणे बरे. ज्या कंपन्या बक्षिसे देतात त्या कोणत्या यंत्रावर काय तपासायला परवानगी आहे हे लेखी देतात. हौस भागवायची तर तेथे भागवावी. इतरत्र उणीव सहज दिसली, तर तेथेच थांबावे. दुसऱ्याचा निकाल उघडून पाहू नये, उतरवून घेऊ नये, मित्राला दाखवू नये. दिसले तेवढे लिहून मालकाला पाठवावे. मालक दाद देत नसेल तर केंद्र सरकारचे ‘सर्ट-इन’ हे केंद्र २००४ पासून काम करीत आहे, ते अशा सूचना स्वीकारते. आणि कळविताना पैशाची मागणी कधीही करू नये. ‘पैसे द्या, नाहीतर जाहीर करतो’ या वाक्याने चांगल्या कामाची खंडणी होते.

घरच्या मंडळींना मी एवढेच सांगेन, की मोबाइलवर ‘अपडेट करा’ अशी सूचना आली की ती महिनाभर ढकलू नका. दुरुस्ती बाहेर पडली, याचाच अर्थ उणीव कोठे होती हे हुशार चोराला आता शोधून काढता येते. त्या दिवसापासून धोका कमी होत नाही, वाढतो. अब्बांना जमत नसेल तर मुलीने त्यांच्या फोनवर करून द्यावे. पाच मिनिटांचे काम आहे.

शेवटी पदाधिकारी मंडळींना एक विनंती, कारण आपण सर्वजण येथे बसला आहात. प्रवेशअर्ज, फी, निकाल हे सर्व आता संस्थाही संगणकावर ठेवतात. उणीव दिसली तर कोणाला कळवावे, हा पत्ता संस्थेच्या संकेतस्थळावर आणि शाळेच्या फलकावर लिहावा. संकेतस्थळावर असा पत्ता एका ठरावीक नावाच्या लहानशा फाइलीत ठेवण्याची रीत २०२२ मध्ये अधिकृतपणे नमूद झाली आहे, आणि त्याला खर्च काहीच नाही. पत्र आल्यावर किती दिवसांत पोच मिळेल हे तेथे लिहावे. सात दिवस मला पुरेसे वाटतात. आणि ज्या विद्यार्थ्याने काही न बिघडविता, काही न उचलता, प्रामाणिकपणे कळविले त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होणार नाही, हे मुख्याध्यापकांच्या सहीने लिहावे. ही सूचना लागल्यावर पहिले पत्र कदाचित आठवीतल्या एखाद्या मुलीचे येईल, आणि त्यात निम्मे शब्द चुकीचे असतील. ते पूर्ण वाचावे.